द्राक्षांची गोडी आणि वाईनमधील आम्ल

वाईनसाठीं द्राक्षें लावणाऱ्या आमच्या बागाइतदार बंधूंमध्यें अशी एक समजूत दृढ झालेली दिसते कीं, रसांत साखर जितकी अधिक, तितका माल उत्तम. खाण्याच्या द्राक्षांस हा न्याय बहुतांशीं लागू पडेल. परंतु जो रस आंबवावयाचा आहे, त्यास तो जसाच्या तसा लावणें आमच्या मतें हितावह नाहीं. साखर वाढली म्हणजे केवळ मद्यार्क वाढतो असें नव्हे. यीस्ट जीं आम्लें निर्माण करतें, त्यांचें प्रमाणही पालटतें.

साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड हे दोनच पदार्थ होतात, असें पूर्वीं मानीत. लुई पाश्चर यांनीं १८६० सालच्या आपल्या निबंधांत दाखविलें कीं, आंबण्याच्या क्रियेंत थोडें ग्लिसरीन व सक्सिनिक आम्लही तयार होतें. हें आम्ल शंभर भाग साखरेमागें एका भागाहूनही कमी असतें व त्यापासून अपाय नाहीं. अपाय होतो तो ॲसेटिक आम्लापासून, म्हणजे शिरक्यांतील आम्लापासून.

खारवट जमिनींत ओल असूनही पीक सुकतें, कारण क्षारांमुळें मुळांस पाणी ओढतां येत नाहीं. अति गोड रसांत यीस्टची तीच अवस्था होते. पेशींतील पाणी बाहेर ओढलें जाऊं लागतें. तें राखण्यासाठीं यीस्ट अधिक ग्लिसरीन बनवितें. त्यामुळें पेशींतील हायड्रोजनाच्या देवघेवीचा तोल बिघडतो, व तो सांवरतांना ॲसेटिक आम्ल अधिक निर्माण होतें. साध्या वाईनमध्यें तें दर लिटरमागें सामान्यतः ०.२ ते ०.५ ग्रॅम असतें, ०.७ ग्रॅमच्या सुमारास वास जाणवूं लागतो. कॅनडांत गोठलेल्या द्राक्षांचा ३५ अंश ब्रिक्सहून गोड रस आंबवितात. त्या वाईनमध्यें तें बहुधा १ ग्रॅमच्याही वर जातें.

नाशिककडील बागांत इतकी साखर येत नाहीं, हें खरें. तथापि मार्चचें ऊन तापूं लागलें म्हणजे साखर झपाट्यानें चढते व मॅलिक आम्ल घटत जातें. २६ अंशांच्या रसांत मद्यार्क १५ टक्क्यांजवळ पोहोंचतो. तेथें यीस्ट थकून क्रिया अर्धवट राहण्याचें भय असतें. मग उरलेली साखर व चढलेला सामू यांचा लाभ उपद्रवी जीवाणू घेतात. शिवाय सुकूं लागलेल्या घडांचें वजन घटतें, तें नुकसान सर्वस्वी बागाइतदाराचें. कच्चा, आंबट माल तोडावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गोडीस वरची मर्यादाही असावी, एवढेंच आम्ही सांगत आहों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, करारांत किमान गोडीबरोबर कमाल गोडीही लिहावी, आणि साखर, आम्लता व सामू या तिन्हींवरून काढणीचा दिवस ठरवावा. सामू मोजण्याचें यंत्र गांवच्या बागाइतदारांनीं वर्गणीनें घेणें अवघड नाहीं. काढणीपूर्वीं पंधरा दिवस, एक दिवसाआड, बागेच्या निरनिराळ्या भागांतील शंभर मणी चुरून रस तपासावा व नोंद ठेवावी. ज्याच्याजवळ स्वतःची नोंद आहे, त्यास दर ठरवितांना बोलावयास आधार असतो. ज्याच्याजवळ ती नाहीं, त्यास दुसऱ्याचें मोजमाप मुकाट्यानें मान्य करावें लागतें.