सीझनच्या भरवशावर दुकान चालत नाही

पर्यटन म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना हॉटेलवाले आणि गाडीवाले आठवतात. वास्तविक गावात उतरलेल्या पाहुण्याचा पैसा रिक्षावाल्यापासून विणकरापर्यंत पोहोचतो. हिमरूची शाल किंवा पैठणी विकणारे आम्ही कापडवालेही पर्यटनाचेच व्यापारी आहोत. मग नियोजन फक्त हॉटेलवाल्यांनीच का करावे?

छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) उदाहरण घेऊ. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बीबी का मकबरा शहरातच आहे. एवढी दौलत दारात असूनही तेथील धंद्याला लागोपाठ तीन तडाखे बसले. २०१८ च्या सुमारास अजिंठ्याचा रस्ता रुंदीकरणासाठी खणला गेला आणि दीर्घकाळ तसाच राहिला. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि शहराची विमाने घटली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लेण्यांचे दरवाजेच बंद झाले.

यातले काहीही दुकानदाराच्या हातात नव्हते, हे खरे. परंतु नियोजन म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. ‘हे गिऱ्हाईक उद्या आले नाही तर काय?’ हा प्रश्न आधीच विचारून ठेवणे म्हणजे नियोजन. ज्याचे सारे दुकान गाइडने आणलेल्या परदेशी पाहुण्यांवर उभे असते, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.

सरकारी कामातूनही हाच धडा मिळतो. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळचा विकास झाला. अजिंठ्याला मोठे पर्यटक केंद्र उभे राहिले, आत लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या. काही वर्षांतच ते पाणी-विजेच्या थकबाकीपायी बंद पडले. इमारत उभी करण्याचा हिशोब झाला होता. ती रोज चालविण्याचा झाला नव्हता. आपणही कर्ज काढून शोरूम सजवतो, आणि पावसाळ्यातल्या पगाराचा हिशोब मात्र मांडत नाही.

मग करावे काय? आधी गिऱ्हाईक ओळखावे. परदेशी पाहुणा, स्वतःच्या गाडीने आलेले कुटुंब, शाळेची सहल आणि खुलताबादच्या दर्ग्यांना आलेले जायरीन, हे चार वेगळे बाजार आहेत. एकाला अस्सल हिमरू हवा, तर दुसऱ्याला खिशाला परवडणारा रुमाल किंवा पिशवी. चौघांसाठी माल ठेवला तर एक बाजार बसला तरी दुकान उभे राहते.

दुसरे, दिनदर्शिका भिंतीवर लावावी. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. पाहुण्यांची फिरण्याची आखणी यावरच ठरते. आपल्या दुकानाची व मागाची सुट्टीही ते पाहूनच ठरवावी. उरूस हिजरी तारखेने येतो, म्हणजे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर माल भरणारा फसतो.

तिसरे, हिवाळ्यातल्या नफ्याचा एक हिस्सा बाजूला काढून पावसाळ्यात विणकराच्या हातात द्यावा. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचा खरा हिमरू हातमागावर सावकाश तयार होतो. ऑक्टोबरात विकायचा माल पावसाळ्यातच मागावर चढलेला असला पाहिजे. तेव्हा मजुरी मिळाली नाही तर कारागीर माग सोडून दुसरे काम धरतो आणि पुन्हा परतत नाही. मग दुकानात पॉवरलूमचा माल हिमरू म्हणून खपवायची पाळी येते. ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि त्यात बरकत नाही.

चौथे, गाइड आणि ड्रायव्हरच्या कमिशनचा हिशोब लिहून ठेवावा. कमिशन भागविण्यासाठी भाव फुगतो, आणि फुगलेला भाव ऐकून आपल्या पायांनी आलेले गिऱ्हाईक परत जाते.

काही जण म्हणतील, हे मोठ्या कंपन्यांचे काम. आमचे मत उलट आहे. मोठ्या हॉटेलचा एक सीझन बुडाला तर त्याच्या पाठीशी बँक असते. आपल्या पाठीशी फक्त आपली वही असते. येत्या पावसाळ्यात दुकान रिकामे असेल, तेव्हा त्या वहीत पुढच्या बारा महिन्यांचा आराखडा मांडा. आणि मांडताना आपल्या विणकरालाही शेजारी बसवा. त्याची रोजीही त्याच वहीत आहे.