कंद टिकवायचे तर ते शिजवायला हवेत

डिसेंबर-जानेवारीत मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणातल्या आठवडी बाजारात पालेभाज्यांच्या जुड्यांशेजारी मातीने माखलेले ढीग दिसतात. सुरण, कोनफळ, कणगर, अळकुड्या, रताळी. अनेक ग्राहक थांबतात, 'हे काय?' असे विचारतात आणि बटाटे घेऊन पुढे जातात. कंद महाग आणि किचकट, ही आपली समजूत. ती बदलली नाही, तर हे ढीग दरवर्षी लहान होत जातील.

बटाट्यापेक्षा महाग का?

कोनफळ, सुरण पावसाळ्याच्या तोंडावर लावतात आणि वेल-पाने सुकल्यावर, म्हणजे सात-आठ महिन्यांनी काढतात. तेवढ्या काळात त्याच जागेत पालेभाजी अनेकदा निघते. शिवाय कंदाचे बियाणे म्हणजे कंदच. आलेल्या मालातला काही भाग पुढच्या लागवडीसाठी राखावा लागतो. गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी तो कशाला राखेल? आणि घरचे बेणे एकदा संपले की गावातला जुना वाण परत मिळणे कठीण. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोनफळाचा 'कोकण घोरकंद', कणगराचा 'कोकण कांचन' असे वाण दिले. पण वाण शेतात टिकतो, तो विकला गेला तरच.

राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला. शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मोकळी झाली. आता विचारणारे आणि घेणारे हवेत.

खाजेचे काय?

सुरण, अळकुडीत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते त्वचेत, घशात टोचतात. म्हणून चिरताना हाताला तेल लावा, हात कोरडे ठेवा. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडा, पाणी फेका, आणि पूर्ण शिजवल्याशिवाय खाऊ नका. आपल्याकडे सुरणाच्या भाजीत आंबट घालतात, ते केवळ चवीसाठी नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे कंद खावेत.

सुरुवात कशी करावी?

सर्वांत सोपे कोनफळ. साल काढून अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप करा, थोडे उकडा. हळद, तिखट, मीठ लावा, रव्यात घोळवा आणि तव्यावर तेल सोडून परता. कणगर मीठ घालून नुसते उकडले तरी पुरे. रताळी उपवासापुरती ठेवू नका. रायगडातल्या पोपटीत वालाच्या शेंगांबरोबर ती मडक्यात भाजली जातात. मुळ्याचा पाला टाकू नका, मूगडाळ घालून त्याची भाजी होते.

अख्खा सुरण आणि रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने ती खराब होतात. हवेशीर, अंधाऱ्या जागी ती बरेच दिवस राहतात. मुळा-गाजराचा पाला घरी आणताच वेगळा करा. नाहीतर तो कंदातले पाणी ओढतो आणि मुळा-गाजर मऊ पडते.

घासाघीस करण्याआधी विकणाऱ्या मावशींना एक प्रश्न विचारा: 'तुम्ही हे कसे करता?' पाककृती फुकट मिळेल. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कंद मागा. पावसाळ्याच्या तोंडावर बेणे लावायचे की नाही, हे त्या मागणीवरच ठरते.