कानबाईच्या रोटात लेकीची मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई येते. जळगाव असो की धुळे, घरे झाडून-पुसून सज्ज होतात. पोटापाण्यासाठी सुरतेला, मुंबईला गेलेले भाऊबंद मिळेल त्या गाडीने घर गाठतात. नारळाची कानबाई चौरंगावर बसते, तिला नथ चढते, लुगडे चढते. रात्रभर अहिराणी गाणी नि फुगड्या; सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. याहून देखणा कुळाचार कुणी दाखवावा, मी हार मानीन!

एवढे कौतुक करून आता भांडण काढते, याचा काहींना राग येईल. येऊ द्या. माझे भांडण कानबाईशी नाही. रोटाच्या मापाशी आहे.

रोट हा तिचा मुख्य नैवेद्य. त्यासाठी गहू मोजायचे ते माणशी सव्वा मूठ. पण अनेक घरांत या हिशेबात ‘माणूस’ म्हणजे पुरुष! आजोबांची मूठ, वडिलांची मूठ, अजून दातही न फुटलेल्या नातवाची मूठ. आणि गहू निवडणारी, रोट करणारी, गाऊन गाऊन घसा बसवून घेणारी? तिच्या नावाचा एक दाणा नाही. देव बाईचा, राबणे बाईचे, मोजदाद तेवढी पुरुषांची!

“लेक परक्या घरची,” असे एक उत्तर मिळते. बरे, मग सून तर या घरची ना? तिची मूठ कुठे आहे?

“पूर्वापार चालत आले आहे,” हे दुसरे उत्तर. पूर्वापार तर घरोघरी जातेही होते; आता दळण गिरणीत जाते. मिरवणुकीत कानठळ्या बसवणारे कर्णे आले. तेव्हा देवी कोपली नाही. ती काय लेकीच्या मुठीवरच कोपणार आहे?

तिसरे उत्तर मोठे शहाजोग: “मूठभर गव्हाने काय होते?” काहीच होत नसेल, तर घालायला हात का आखडतो? हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. कायद्याने मोजली, ती देव्हाऱ्यापुढे मोजायची नाही? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८४२. हे पाप रोटाने केले, असे मी म्हणत नाही. पण जिला देवीसमोर मोजायचे नाही, तिला जगात मोजायचे नाही, हे शिकायला फारसा वेळ लागत नाही.

रीत मोडा असे मी म्हणत नाही; वाढवा म्हणते. येत्या श्रावणात परातीत लेकीची सव्वा मूठ घाला, सुनेची घाला, आजीची तर आधी घाला. रोट थोडे जास्त होतील. कानबाईला त्याचे ओझे होणार नाही. ज्यांना होईल, त्यांनी नैवेद्य नक्की कुणाला दाखवतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारावे.