आर्लमधली दोनशे घरं

रोमन अँफीथिएटर म्हटलं की डोळ्यांसमोर रोमचं कलोसियमच येतं. 'ग्लॅडिएटर' पिक्चरची कृपा, दुसरं काय! इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने उद्घाटन केलेली ती १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद दगडी परात थोर आहेच, वादच नाही. ८० दरवाजे, त्यातल्या ७६ वर आकडे कोरलेले, म्हणजे कोणी कुठून आत जायचं ते ठरलेलं. आपल्याकडे मॅच सुटल्यावर स्टेडियमबाहेर काय होतं ते आठवा. (बरं, नका आठवू.)

पण मला विचाराल तर खरी गंमत फ्रान्समधल्या आर्ल गावच्या अँफीथिएटरची. पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, १३६ बाय १०७ मीटर, वीसेक हजार लोक बसतील एवढं. रोमन साम्राज्य गेलं, खेळ थांबले. मग आर्लकरांनी काय केलं? सरळ आत राहायलाच गेले! कमानी बुजवून तटबंदी केली, वर चार बुरूज चढवले, आणि आत दोनशेच्या वर घरं, दोन चॅपल असं अख्खं गाव वसलं. कितीतरी शतकं माणसं तिथे जन्मली, भांडली, लग्नं केली, मेली.

१८२५ च्या सुमाराला मात्र तिथल्या शहाण्यांनी ठरवलं, की हे सगळं काढून "मूळ" इमारत मोकळी करायची. घरं पाडली. १८३० मध्ये मोकळ्या रिंगणात पहिला कार्यक्रम झाला तो बैलांच्या खेळाचा. निमित्त काय, तर फ्रान्सने अल्जिअर्स घेतलं!

मला हे अजिबात पटत नाही. माणसं मरताना बघायला बांधलेली जागा ती "मूळ", आणि जिथे शेकडो वर्षं चुली पेटल्या ती अडगळ? जुना कोड 'क्लीन' करताना त्यावर कोण कोण अवलंबून आहे हे न बघणारे महाभाग आमच्याही धंद्यात भरपूर आहेत, पण तिथे निदान बॅकअप तरी असतो :)

एक मित्र म्हणाला, "मग काय, दाटीवाटीची वस्ती तशीच ठेवायची? तू राहिला असतास का तिथे?" मुद्दा बरोबर आहे. पण मधला मार्ग होता ना! इटलीतल्या लुक्का गावातही अँफीथिएटरवर अशीच घरं उभी राहिली होती. तिथे साधारण त्याच सुमारास लोरेंझो नोत्तोलिनी नावाच्या आर्किटेक्टने फक्त मधलं रिंगण मोकळं करून बाजाराचा चौक केला, आणि भोवतालची घरं ठेवली. आज तो चौक तसाच अंडाकृती आहे. खाली कॅफे, वर बिऱ्हाडं, आणि भिंतींत अधूनमधून डोकावणाऱ्या रोमन कमानी.

आर्लला चारपैकी तीन बुरूज उरलेत. तिकीट काढून त्यातल्या एकावर चढता येतं. वर गेलेले लोक फोटो काढतात ते रिकाम्या रिंगणाचे.