टाकी कोण रिकामी करणार?

परवा भाचा एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला. नोकरीतून वर्षभराची रजा काढायची, कॅम्पर व्हॅन घ्यायची आणि बायको-मुलांसह भारत पालथा घालायचा, असा त्याचा बेत आहे. बेत मला मनापासून आवडला. धाकट्या लेकीच्या कुटुंबाबरोबर मी न्यूझीलंडमध्ये अशाच गाडीत राहिले आहे. म्हणूनच भाचा सल्ला मागायला आला होता. सोलर पॅनेल किती वॉटचं, फ्रिज केवढा, टीव्ही कुठे, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "आणि स्वयंपाक कोण करणार?" पत्रकाचं पान उलटत तो म्हणाला, "मावशी, ही आहे की." त्याची बायको शेजारीच बसली होती. तेव्हा डोकं जे तापलं, ते अजून निवलेलं नाही.

न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेला किंवा तळ्याकाठी गाडी मुक्कामाला लावायची, तर बहुतेक ठिकाणी ती 'स्वयंपूर्ण' असल्याचा दाखला लागतो. माणशी रोज चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी, सांडपाण्याची टाकी, झाकणाचा कचऱ्याचा डबा आणि संडास. 2023च्या कायद्यापासून हा संडासही गाडीत पक्का बसवलेला लागतो. आपल्याकडे महाराष्ट्राने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. भाच्याच्या पत्रकात यातलं काहीच नव्हतं. दिव्यांच्या माळा मात्र पानोपानी होत्या.

चार लिटर म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझं माहेर लातूर. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लातूर. आमच्या घरात पाणी कायम हंड्यांत मोजलं जाई आणि कुठला हंडा कशासाठी, हे आईला तोंडपाठ असे. गाडीत तीच विद्या कामाला आली. ताटं आधी कागदाने पुसायची, मग एका तांब्यात साबण आणि दुसऱ्यात विसळणं. तांदूळ धुतलेलं पाणी पहिल्या तांब्यात. पहिले काही दिवस नात नळ सोडून दात घासायची आणि तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी ठणठणीत. पुकाकी तलावाचं निळंशार पाणी समोर पसरलेलं आणि आम्ही पाणी भरायला गावात निघालेलो. त्यानंतर तिला कुणी काही सांगितलं नाही. टाकीचा काटा बघून तीच सगळ्यांना दटावू लागली.

कॅम्परमध्ये कुटुंब जास्त दिवस राहिलं की घरकाम लपून राहत नाही. घरी आई ओट्याशी असते आणि बाकीचे आपापल्या खोल्यांत. ताट समोर येतं, रिकामं परत जातं. गाडीत ओटा म्हणजेच वाट. कुकर लावला की खिडक्यांवर वाफ धरते आणि रात्री गाद्या दमट लागतात. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळायला लागतो आणि झोपलेली पोरं दचकून उठतात. म्हणून फोडणी बाहेर, शेगडीवर, वाऱ्यात. वाऱ्याला आडोसा म्हणून जावई पोळपाट धरून उभा राहायचा. कढईपाशी असा रोज उभा राहिल्यावर हिंग कधी घालायचं, हे त्याला कळायला लागलं आणि पुढेपुढे वरणाची फोडणी त्याच्याकडेच गेली. लेकीचं लग्न होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. ख्राइस्टचर्चच्या त्यांच्या घरातल्या प्रशस्त स्वयंपाकघरात हे घडलं नव्हतं.

आणि संडासाची टाकी. पत्रकात हिचा फोटो नसतो, म्हणून मीच वर्णन करते. गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, त्यातून ती ओढून काढायची. खाली दोन चाकं, वर हँडल. ती ओढत ठरलेल्या जागेवर न्यायची, तोटी फिरवायची, ओतताना वरचं हवेचं बटण दाबून धरायचं. ते दाबलं नाही, तर आतलं भसाभसा उसळून अंगावर येतं. मग विसळायची, औषध घालायचं, परत बसवायची. लेकीने पहिल्याच आठवड्यात पाळी लावून टाकली: जावई, लेक, मी आणि जावयाबरोबर नातू. नातू नाक धरून गेला, पण गेला. आपण केलेली घाण कुठे जाते, हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिलं आणि हाताने निस्तरलं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे काम दुसऱ्याच्या माथी मारलं गेलं, म्हणून मला ते पाहणं फार मोलाचं वाटलं.

भाच्याची मुख्य काळजी वेगळी आहे, मुलांची शाळा. तिचा मार्ग निघतो. न्यूझीलंडने दूरच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी 1922मध्ये टपालाने शिकवणारी शाळा काढली, ती आजही चालू आहे. वर्षभराचा अभ्यास भरून काढता येतो. मला घोर आहे तो कोकणाचा. पत्रक सांगतं, किनाऱ्यावर वाटेल तिथे थांबा. थांबा, पण टाकी कुठे रिकामी करणार? न्यूझीलंडमध्ये गावोगाव त्यासाठी ठरलेली जागा असते, आपल्याकडे तशी सोय रस्तोरस्ती नाही. मग रात्रीच्या अंधारात खाडी आणि ओढा आहेच. धोरण आखलं, तर आधी या जागा बांधा, मग गाड्या येऊ द्यात. गुहागरच्या किनाऱ्यावर गाडी लावणाऱ्याने हा प्रश्न सरकारला आणि स्वतःला विचारलाच पाहिजे.

भाच्याला मी सांगितलं, गाडी नंतर घे. आधी आठवडाभर घरातच चौघांना मिळून रोज सोळा लिटर पाणी वापरा आणि स्वयंपाक तू कर. तो गप्प झाला. मग इतका वेळ न बोललेली त्याची बायको म्हणाली, "मावशी, ती टाकी भरली की किती जड होते हो?"

"वीसेक किलो. रोज रिकामी केली तर इतकी होत नाही."

तिने पत्रक त्याच्या हातातून घेतलं आणि मागच्या कोऱ्या पानावर वारांची नावं लिहायला घेतली. सोमवारपुढे त्याचं नाव होतं.