घराला ‘सहन’ असेल तर...

उर्दूत अंगणाला ‘सहन’ म्हणतात. मराठीत सहन करणं म्हणजे सोसणं. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे वर्गात हा शब्द आला की मुलं हसतात. एक शब्द अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातून. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण एका छपराखाली दोन-तीन बिऱ्हाडं नांदतात, अशा घरांत मला ते नातं जाणवतं. घराला सहन असेल तर माणसं एकमेकांना सहन करतात.

आमच्या चिंचवडमध्ये हे सहन झपाट्यानं बुजतंय. कारखान्यांत काम करणाऱ्यांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून 1972 साली इथं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. पुढं या भागात उभ्या राहिलेल्या बैठ्या घरांच्या आणि रो हाऊसच्या मागं थोडी मोकळी जागा असायची. आता तिथं भाड्याची खोली निघते, पत्रा पडतो, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवून मोटारसायकली उभ्या राहतात. मुलाचं लग्न ठरलं की खोली लागते, हे मला कळतं. भाड्याच्या पैशातून कुणाच्या औषधांचा खर्च निघतो, हेही खरं. अशा घरांना मी काही सांगणार नाही. पण ज्यांची जागा अजून शिल्लक आहे आणि केवळ ‘रिकामी पडलीय’ म्हणून ती भरायची घाई चालली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमच्या घरामागं दहा बाय पंधरा फूट जागा आहे. मध्ये भिंत घालून ती दोन भावांत वाटून घ्यावी, असा विषय एकदा घरात निघाला. मी विरोध केला. पाच फुटांच्या पट्टीत कपड्यांची दोरी बांधता येते, चार माणसं बसवता येत नाहीत. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना चढवत नाही. त्यांना उघडं आभाळ दिसतं ते एवढ्याच जागेतून. आणि घरातल्या बायकांनी ओढणीची फिकीर न करता दोन घटका बसावं, अशी दुसरी जागा शहरात कुठं आहे?

म्हणून आखणी करताना आधी माणसांची जागा सोडावी, मग झाडांची. घराला लागून दहा बाय आठ फूट कोरी ठेवा: एक खाट, दोन खुर्च्या आणि चटई अंथरून दस्तरखान मांडता येईल एवढी. उरलेली दहा बाय सात फूट माती झाडांना पुरते. तिथं आंबा-फणसाचा हट्ट नको. तुती, फालसा, करवंद अशी छाटून आटोक्यात राहणारी झाडं लावा. ऑनलाइन ब्ल्यूबेरीची रोपं मिळतात, पण तिला आम्लयुक्त माती लागते. आपल्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात ती रुसते.

तुती, म्हणजे आमचं शहतूत, नव्या फांद्यांवर फळतं. फळ संपलं की छाटायचं आणि डोक्याच्या उंचीवर ठेवायचं. ते भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून लांब असावं, आणि कपड्यांच्या दोरीवर तर अजिबात नको. पांढऱ्या कुर्त्यावर पडलेला तुतीचा डाग घरात आठवडाभर बोलायला पुरतो. करवंदाला काटे असतात, म्हणून त्याची जागा मागच्या कंपाउंडच्या कडेला, मुलांच्या वाटेबाहेर. तुतीपासून चार-पाच फुटांवर फालसा. हिवाळ्यात तो छाटला की उन्हाळ्यात फळतो. त्याची फळं एकदम पिकत नाहीत, रोज मूठभर पिकतात आणि दोन दिवसही टिकत नाहीत. व्यापाऱ्याला ही अडचण वाटेल. घराला यातच फायदा आहे, कारण रोज कुणाला तरी मागं जावंच लागतं. आणि एक गेलं की त्याच्या मागून दुसरं जातं.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. चिंचवडच्या उन्हाळ्यात ती तग धरत नाही. पण पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये कुंड्यांत लावली, तर हिवाळ्यात फळं देते. मुळं उथळ असल्यानं तिला थोडं थोडं पाणी वरचेवर लागतं, आणि शहरात तर 2019 च्या अखेरीपासून पाणी एक दिवसाआड येतं. त्यावरचा उपाय घरातच आहे. वजूचं पाणी मोरीत सोडण्याऐवजी टबात धरा. साबण नसलेलं ते पाणी आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना पुरून उरतं. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. इफ्तारच्या ताटात घरच्या चार स्ट्रॉबेरी आल्या, तर त्या मुलांना बाजारच्या किलोभराहून मोठ्या वाटतात.

पक्ष्यांचं काय, असं विचारतात. तुती पिकली की बुलबुल येणारच. लावलेल्या झाडाचं फळ माणसानं, पक्ष्यानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. त्यामुळे जाळी टाकू नका. खालच्या फांद्या मुलांच्या, वरच्या पाखरांच्या, एवढी वाटणी पुरे.

आणि बाकीची वाटणी? भिंत काय, कधीही घालता येते. विटा आणि गवंडी बाराही महिने मिळतात. पावसाळा सुरू झाला की ओळखीच्या घरून पेन्सिलीएवढी जाड तुतीची काडी मागून आणा आणि मातीत खोवा. ती फळाला येईपर्यंत भिंतीचा विषय घरात काढू नका.