कपाटातला कान

आपल्याकडे चष्म्याला जो मान आहे, तो कानाच्या यंत्राला नाही. चाळिशी लागली की चष्मा नाकावर येतो आणि माणूस जरा विद्वानही दिसू लागतो. कानात यंत्र आले की मात्र तो म्हातारा ठरतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू येत नाही. तेव्हा लाजण्याइतके एकटे कोणीच नाही. तरी पुष्कळ घरांत हजारो रुपयांचे यंत्र आठवडाभर कानात आणि पुढे कायमचे कपाटात असते. 'नुसता गोंगाट ऐकू येतो हो त्यात!' ही तक्रार ठरलेली.

तक्रार खोटी नाही. भाषेच्या शिक्षकाला तर तिचे कारण मोठे मननीय वाटावे. उतारवयात बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स्वर भारदस्त, ते टिकतात. 'स', 'त', 'क' ही व्यंजने नाजूक; ती निसटतात. 'काठ', 'पाठ', 'साठ' यांतला 'आठ' तेवढा कानी पडतो. म्हणून आजोबा म्हणतात, 'आवाज येतो, शब्द कळत नाही.' ओरडून बोलल्याने स्वर फुगतात, शब्द काही उलगडत नाही.

हे सारे वर्षानुवर्षे, नकळत घडते. तेवढ्यात मेंदू पंख्याची घरघर आणि वर्तमानपत्राची सळसळ विसरून गेलेला असतो. यंत्र ते सगळे एकदम परत आणते. स्वतःचा आवाजही रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्यातून नको ते मागे सारण्याची सवय मेंदूला पुन्हा लागायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही जातात. आणि ती रोज यंत्र घातले तरच लागते.

माझे थोरले मामा यंत्र फक्त लग्नकार्याला घालीत. म्हणजे पोहणे शिकायला थेट पुरात उडी! अखेर मामींनी फर्मान काढले : यंत्र कानात नसेल, तर सकाळचा चहा नाही. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत तास-दोन तास, एकट्या मामींशी गप्पा, मोठ्याने वर्तमानपत्र वाचणे. मग हळूहळू घरातली चार माणसे, मग बाजार. मध्यंतरी यंत्र शिट्टी मारू लागले, कानाला टोचू लागले. तेव्हा ते डबीत न टाकता तज्ज्ञाकडे दोनदा नेऊन जुळवून घेतले. आता आंघोळ आणि झोप सोडली तर ते दिवसभर कानातच असते. महिन्याभराने मामाच स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, 'अगं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या!'

घरच्यांनीही थोडे करावे. आधी हाक मारावी, समोर उजेडात बसावे, सावकाश बोलावे. आतल्या खोलीतून प्रश्न फेकू नयेत. आणि एक उत्तर कायमचे बंद करावे. सगळे हसतात, आजोबा विचारतात, 'काय झालं?' आणि आपण म्हणतो, 'काही नाही.' असे दहा वेळा झाले की माणूस विचारायचे सोडतो; पुढे बोलायचेही सोडतो.

यंदा फराळाच्या वेळी कोणी तसे विचारले, तर हातातली चकली खाली ठेवा आणि तो विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगा.